अभयनगरची तपासनीस

ता. ३ मार्च

दादा,

एका पत्रात एकदाच वापरायचा, असं आईने ठरवून दिलेला शब्द मी सुरुवातीलाच खर्च करते: मला राग आला आहे. आता कारणं.

फोन का नाही केला, असं विचारू नकोस. आपल्या घरात भांडण तोंडी करायची सोयच नव्हती. जेवणाच्या टेबलाच्या दोन टोकांना बसून आपण एकमेकांना पत्रं लिहायचो, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात टाकायचो, आई आधी पेन्सिलीने चुका काढायची आणि मग ज्याचं पत्र त्याच्या हातात द्यायची. समोरच्याच्या प्रत्येक मुद्द्याला उत्तर दिल्याशिवाय आपला नवा मुद्दा काढायचा नाही. मोठ्याने वाचून दाखवता येणार नाही, असं काही लिहायचं नाही. तेराव्या वर्षी मी पहिल्यांदा शाळेत गेले, तेव्हा कळलं की बाकीची मुलं सरळ केस ओढतात. मला अजून तेवढी प्रगती जमलेली नाही.

तर तुझा गेम. ‘बाजारात यायच्या आधी खेळून बघ मुंगे, आणि पहिलं मत खरं खरं कळव,’ असं तू म्हणालास. कळवते.

अभयनगरावरून पहिल्यांदा उडताना फार छान वाटलं. हे लिहिलं नाही तर लबाडी होईल. गच्चीवर वाळत घातलेले कपडे आपण जवळून गेलो की हलतात, ते कुणी केलं असेल त्याला सांग. पण उडण्याची शक्ती मिळवायला आधी वीस मांजरं झाडावरून उतरवावी लागतात आणि वीसही मांजरांचा उजवा कान फाटलेला आहे. एकच मांजर वीसदा चढतं की काय? वाचवलेला प्रत्येक नागरिक ‘तुमच्यामुळे आज मी जिवंत आहे’ एवढंच म्हणतो आणि भिंतीत चालत जातो. पुरुष वीरांचे पोशाख गळ्यापर्यंत बंद आणि बायांचे पोहायला निघाल्यासारखे. मी सगळ्यांत झाकलेला पोशाख निवडला, तर त्याचं नाव ‘आजीबाईचा झगा’.

आणि माणसं. आठ जणांची टोळी करून लढायचं असतं. जखमा भरणारं कुणी होत नाही म्हणून मी झाले. तीन दिवसांत मला ‘ए मलमवाली, झोपलीस का’ याखेरीज कुणी काही बोललेलं नाही. जगाला वाचवायला निघालेली माणसं शेजारच्याला ‘कृपया’ म्हणत नाहीत.

हे सगळं चाललं असतं. पण बाराव्या पातळीवर एक खलनायिका आहे, तपासनीस नावाची. ती मुलांना एका घरात कोंडून ठेवते, टेबलावर पेन्सिल दोनदा आपटते आणि म्हणते, ‘पुन्हा बघ.’

मी गेम बंद केला. परत उघडून खात्री केली. तीनदा केली, तुला माझी सवय माहीत आहे.

ती कोण आहे?

मुंगी

*

ता. ८ मार्च

मुंगे,

नियमाप्रमाणे क्रमाने उत्तरं देतो.

कपडे हलतात ते एका नव्या मुलीने केलं. तिला सांगितलं, ती खूश झाली. मांजराचं खरं आहे, एकच मांजर आहे, दुसरं बनवायला वेळ नव्हता. नागरिकांची वाक्यं वाढवून मिळणार नाहीत. पोशाखांवर मी बैठकीत बोललो होतो, मला ‘तू पात्रं लिही, कापड मोजू नकोस’ असं सांगण्यात आलं. लोक उद्धट आहेत, हे मात्र माझ्या हातचं नाही. मुखवटा चढवला की माणसाला वाटतं आपली आई आपल्याला ओळखणार नाही.

आता तपासनीस. अगं, ती कुणी नाही. आम्ही तिघे जण पात्रं लिहितो. एकाची शाळेतली बाई, दुसरीची वसतिगृहाची मॅडम, थोडं इकडचं, थोडं तिकडचं, अशी ती झाली आहे. ‘पुन्हा बघ’ हे जगातली कुठलीही शिक्षिका म्हणते. तू दिवसभर औषधांच्या डब्यांमधली माहितीपत्रकं तपासतेस, म्हणून तुला सगळीकडे मूळ प्रत आणि नक्कल दिसते. तुझी आई तुझ्या डोक्यातून जातच नाही, त्याला मी काय करू.

शिवाय मावशी हा गेम बघणार आहे का? ती माउसला अजून ‘ते’ म्हणते.

३० मार्चला गेम सगळ्यांसाठी खुला होतोय. इथे आम्ही खुर्चीतच राहतो आहोत. भांडायचं तर नंतर भांड. त्या शब्दाचा माझा वाटा मी राखून ठेवतो.

दादा

*

ता. ११ मार्च

दादा,

खोटं बोललास आणि तेही आळसाने बोललास.

क्रमाने: मांजराचं ठीक. नवीन मुलीचं ठीक. पोशाखांवर बोललास हे चांगलं केलंस. मुखवट्याचं वाक्य छान आहे, पण ते तुझ्यावरच उलटतं.

तू माझं काम काढलंस, म्हणून कामाच्याच पद्धतीने दाखवते. आमच्या खोलीत एक जण मूळ प्रत मोठ्याने वाचतो, स्वल्पविरामासकट, आणि दुसरा नक्कल बोटाने धरतो. मी काल एकटीनेच दोन्ही केलं. मूळ: आई. केसांच्या अंबाड्यात खोचलेली पेन्सिल. नक्कल: तीच, डावीकडून. मूळ: टेबलाच्या कोपऱ्यावर इस्त्रीचा डाग, तू ठेवली होतीस. नक्कल: टेबलाच्या कोपऱ्यावर इस्त्रीचा डाग. त्या वसतिगृहाच्या मॅडमकडेही तू इस्त्री करायचास का? कोपरापर्यंत सरकवलेल्या स्वेटरच्या बाह्या. आणि कोंडलेली मुलं: एकाच्या पाठीवर कवच, एकीला सहा पाय. आपल्याला ‘कासव’ आणि ‘मुंगी’ कोण म्हणायचं, तुमची शाळेतली बाई?

तू नऊ वर्षांचा होतास. तुझी आई गेलेली, काका जहाजावर. माझ्या आईने तुला घरात घेतलं आणि आठ वर्षं शिकवलं, मला शिकवलं तसंच. तुला ‘पाहुणा’ म्हणणाऱ्या शेजारणीला तिने दारातून परत पाठवलं. तू म्हणशील कडक होती. होती. पण एक दिवस आठवतो का, तू तेरा वर्षांचा असशील, तिने तुला पूर्ण संत्रं सोलून दिलं? एकेका फोडीवरच्या शिरासुद्धा काढल्या आणि तुझ्यासमोर मांडून ठेवल्या. मला मत्सर वाटला होता. मला तिने आयुष्यात कधी संत्रं सोलून दिलं नाही.

त्या बाईला तू आठ जणांकडून रोज मार खायला उभी केलीस. ती पडली की तिच्या तोंडी काय घातलंस तेही ऐकलं: ‘मला माफ करा मुलांनो, मी चुकले.’ आणि मग ते आठ जण तिच्यावर नाचतात. नाचण्यासाठी तुमच्याकडे वेगळं बटण आहे.

हा राग नाही, शिसारी आहे. ३० तारखेच्या आत तिला काढ. मला सबब सांगू नकोस. आणि आईला यातलं काही कळता कामा नये.

मुंगी

*

ता. १६ मार्च

मुंगे,

बरं. ती मावशीच आहे. इस्त्रीचा डाग मी मुद्दाम रंगवून घेतला, दोन दिवस घालवून.

घरात घेतलं, शिकवलं, शेजारणीला परत पाठवलं: सगळं खरं. तुझ्या प्रतीत एकही चूक नाही. पण ती पूर्ण प्रत नाही.

संत्र्याचा दिवस मला आठवतो. तू नऊ वर्षांची होतीस, टेबलाच्या त्या टोकाला नकाशा रंगवत होतीस, म्हणून तुला काही दिसलं नाही. अकराला दहा कमी असताना फोन वाजला. मावशी आत गेली, बोलली, परत आली. खुर्चीवर बसली. पेन्सिल दोनदा आपटली. माझी वही पुढे ओढून म्हणाली, ‘पुन्हा बघ.’ माझी अकरा गणितं उरली होती. मी ती केली. शेवटचं चुकलं, ते तिने पुन्हा करायला लावलं. मग तिने वही मिटली, संत्रं सोललं, शिरा काढल्या, फोडी मांडल्या, आणि मी दुसरी फोड तोंडात घातल्यावर सांगितलं की बाबा गेले. जहाजावरच, आदल्या दिवशी.

चाळीस मिनिटं, मुंगे. घड्याळ तिच्या डोक्यामागे होतं. चाळीस मिनिटं तिला माहीत होतं आणि मला नव्हतं, आणि ती माझ्या हातच्यांवर खुणा करत होती.

नंतर कधी त्यावर शब्द नाही. मी डब्यात एक पत्र टाकलं होतं. ‘तू मला का नाही सांगितलंस’ एवढंच. ते परत आलं. ‘सांगितलंस’वर अनुस्वार राहिला होता, तो देऊन. उत्तर नाही.

मी तेव्हा ठरवलं होतं की एक दिवस ती म्हणेल, मी चुकले. ती म्हणत नाही, म्हणून मी म्हणवून घेतलं. आठ जणांसमोर, हव्या तितक्या वेळा. पहिल्यांदा चालवून बघितलं तेव्हा मी दार लावून रडलो, हेही लिहितो, कारण लबाडी नको.

तुझ्या त्या एका शब्दात माझं भागत नाही. राग एका दुपारचा असतो. हे वीस वर्षांचं आहे.

तिला काढणार नाही.

दादा

*

ता. १९ मार्च

दादा,

क्रमाने उत्तर द्यायचं तर एकच आहे: मला माहीत नव्हतं. मी निळा रंग समुद्राबाहेर जाऊ नये म्हणून जपत होते, एवढंच मला आठवतं. त्या संत्र्यावर मी वीस वर्षं जळले.

आता माझी चूक सांगते. ती फक्त आपल्या घरातला माणूसच करू शकतो.

११ तारखेचं पत्र मी आधी कच्चं लिहिलं, मग पक्कं करून तुला टाकलं. कच्चं पत्र हातात होतं. फ्रिजवर तो डबा अजून आहे, त्यात आता आईच्या गोळ्या असतात. माझा हात आपोआप गेला आणि मी ते डब्यात टाकलं. तपासायला. कामावर पोचल्यावर मला गॅस आठवला, कुलूप आठवलं, इस्त्री आठवली. डबा आठवला नाही.

दुसऱ्या दिवशी जेवायला बसले, तर पत्र माझ्या ताटाशेजारी. तीन चुका काढलेल्या. आणि ‘आईला कळता कामा नये’च्या समोर समासात, बारीक अक्षरात: पुन्हा बघ.

परवा तुझं पाकीट आलं, तेव्हा आई हात पुसत बाहेर आली.

“त्याचं आहे?”

“हो.”

“वाच.”

“आई, हे नको.”

“वाचून दाखवता येणार नाही असं त्याने लिहिलं नसेल. मी शिकवलंय त्याला.”

मी वाचलं. माझ्या कामाच्या आवाजात वाचलं, सगळ्या स्वल्पविरामांसकट, कारण दुसऱ्या आवाजात जमलं नसतं. ती टेबलाच्या डागावर बोट ठेवून बसली होती.

“खरं आहे?” मी विचारलं.

“अकरा नाही. नऊ गणितं होती.”

मी काय काय बोलले ते लिहीत नाही. तोंडी बोलले, पहिल्यांदाच, आणि चुका काढायला कुणी नव्हतं. तू पोराला गणितं करायला लावलीस, असं म्हणाले. त्याच्या पत्रावर अनुस्वार देऊन परत केलंस, असं म्हणाले. तिने मला थांबवलं नाही. मी दमल्यावर म्हणाली, “झालं? आता दाखव मला ती.”

“कोण?”

“मी.”

मी तिला माझ्या खुर्चीत बसवलं. वीर बनवताना म्हणाली, “केप नको, पायात येईल.” नावाच्या जागी ‘बाई’ लिहिलं. माझ्या सात सोबत्यांबरोबर आम्ही तपासनिसाच्या घरात शिरलो. आईने काही केलंच नाही, दारात उभी राहून घर बघत बसली.

समोर अक्षरं उमटायला लागली. ‘ए बाई मार ना’, ‘ही कुणाची आजी आणलीय’, ‘आजी, दूध उतू जातंय घरी’. आई एका बोटाने, पूर्णविरामासकट टाइप करत होती: ‘थांबा. तिला बोलू द्या.’ तोवर तपासनीस पडली होती. मग ते वाक्य आलं. मला माफ करा मुलांनो. मग ते नाचले.

आईने हात मांडीवर घेतले. “पडदा बदललाय त्याने,” म्हणाली. “आपला हिरवा होता.” आणि मग: “हे माझ्या तोंडी का घातलं?”

माझ्या वाट्याला पत्रामागे एकच राग आहे, तो तुम्हा दोघांत कसा वाटायचा मला कळत नाही. ती तुला लिहिते आहे. तीन कागद फाडून झाले. मी तिच्या चुका काढणार नाही, म्हणून सांगितलं आहे.

मुंगी

*

ता. २१ मार्च

कासवा,

तुझं सगळं वाचलं. उत्तर वीस वर्षं उशिरा देते आहे.

फोन अकराला दहा कमी असतानाच आला. मी परत आले, तेव्हा तुला सांगायला तोंड उघडलं आणि ‘पुन्हा बघ’ निघालं. मला तेवढंच बोलता येत होतं. नंतर मी स्वतःला सांगितलं की तुला अजून थोडा वेळ बाप असू दे म्हणून मी थांबले. ते खोटं आहे. वेळ मला हवा होता. तू खाली मान घालून गणितं करत होतास, तोवर मला तुझ्याकडे बघावं लागत नव्हतं.

तुझ्या पत्राला उत्तर म्हणून मी चार दिवस काही सुचतं का बघितलं. नाही सुचलं, म्हणून जे दिसलं ते दुरुस्त केलं. भांडण लिहून करायचा नियम तुमच्या भल्यासाठी केला, असं मी सगळ्यांना सांगत आले. आठवून बघ, तो नियम मी त्या महिन्यानंतरच केला. मला तोंडाने काही करता येत नव्हतं.

तिला गेममधून काढू नकोस, असं माझं म्हणणं आहे. मुंगीचं ऐकू नकोस. तशी बाई होती, मुलं तिला घाबरायची, हे बरोबर आहे. मार खाईल. राग येऊ दे लोकांना.

पण ते वाक्य काढ. तू माझ्या तोंडी माफी घातली आहेस. मी ती मागितली नाही, तेच तर चुकलं. ती आयती माझ्या नावावर जमा करू नकोस. मागायची ती मी मागेन, पाठ करून दिलेली नको, आणि कागदावरही नको.

गणितं नऊ होती. शेवटचं तुझं चुकलेलंच नव्हतं. मी नीट बघितलं नव्हतं.

मावशी

*

ता. २७ मार्च

मुंगे,

मावशीला वेगळं लिहिलेलं नाही. लिहून झालं असतं तर इतकी वर्षं लागली नसती. हे तिला वाचून दाखव.

शेवटचं गणित चुकलं नव्हतं, यावर मी सकाळपासून अडकलो आहे. इतकं काय काय झालं, आणि मला संताप त्या गणिताचा येतो आहे. पुन्हा करायला लावलं तेव्हा मी बरोबर उत्तर खोडून चुकीचं लिहिलं होतं, मुंगे. तिने त्यालाही बरोबरची खूण केली.

माझा राग गेलेला नाही. मी माफबिफ केलेलं नाही, गैरसमज नको.

वाक्य काढायला गेलो, तर साहेब म्हणाले, तीन दिवस उरलेत आणि आता कशाला हात लावतोस. मी म्हटलं, हात लावायचा आहेच. भांडलो. तोंडी. सगळा मजला ऐकत होता. मला जमलं बरं का, फक्त मध्ये एकदा ‘मुद्दा क्रमांक दोन’ असं म्हणून गेलो.

वाक्य गेलं. त्या जागी काय ठेवलं ते ३० तारखेला बघ. पडदा हिरवा करून घेतला आहे.

दादा

*

ता. ३१ मार्च

दादा,

तुझं पत्र वाचून दाखवलं. गणिताच्या ठिकाणी तिने पुन्हा वाचायला लावलं. मग उठून आत गेली आणि पाण्याचा नळ बराच वेळ चालू होता.

काल संध्याकाळी कामावरून आले आणि बूटसुद्धा न काढता गेम लावला. आई शेजारी स्टूल घेऊन बसली. सातही सोबती अनोळखी. मलमवाली मीच, दुसरं कोण होणार. तपासनिसाला पाडलं. ती पडलीच नाही खरं तर. खुर्चीवर बसली, अंबाड्यातून पेन्सिल काढून टेबलावर ठेवली, आणि गप्प. दार उघडेना, नाचायचं बटण चालेना. सगळे जण तिच्यासमोर नुसते उभे.

मग सुरू झाले. ‘अडकला का’, ‘बनवणाऱ्याला चपलेने मारा’, ‘पैसे परत द्या’. एकाने विचारलं, ‘बिघाड आहे का हा?’

दादा, मी गेमविषयी तुला मत कळवायचं कबूल केलं आहे आणि मी चुका झाकत नाही. मांजराचा कान अजून फाटलेला आहे. झग्याचं नाव अजून तेच आहे. पण मी टाइप केलं, ‘नाही. थांबा.’ आणि ते थांबले. शिव्या देत थांबले, पण थांबले. आई ओठांतल्या ओठांत मोजत होती. चाळीसला दार उघडलं.

“बरोबर मोजलंय त्याने,” ती म्हणाली.

मग मला म्हणाली की त्याला विचार, कधी येतोस. लिहायचं असेल तर एवढंच लिही, बाकी काही नको, नियम मोडीत काढला आहे. डब्याचं झाकण तिने फेकून दिलं आणि गोळ्या आता वाटीत ठेवल्या आहेत, मी ओळीने नीट लावून दिल्या.

तर येण्याची तारीख कळव. एका पत्रात एकदाच वापरायचा तो शब्द मी इथे खर्च केलेला नाही. विरला असं समजू नकोस. तू दारात आलास की तोंडी वापरणार आहे, तुझ्यावर आणि तिच्यावरही, हव्या तितक्या वेळा. तिने परवानगी दिली आहे.

मुंगी